शिकाऱ्याची शिस्त : कर्नल जिम कॉर्बेट यांचें अल्पचरित्र

हिमालयाच्या दक्षिण उतारावर कुमाऊं नांवाचा एक रमणीय डोंगराळ प्रदेश आहे. उंच पर्वत, खोल दऱ्या, देवदाराच्या राया आणि पायथ्याशीं पसरलेलें घनदाट रान यांनीं तो नटलेला आहे. या प्रदेशांतील खेड्यांत, डोंगरी लोकांच्या जिभेवर 'कारपेट साहेब' बनलेलें एक नांव मोठ्या प्रेमानें घेतलें जाई. तें नांव म्हणजे कर्नल एडवर्ड जेम्स कॉर्बेट, अर्थात् जिम कॉर्बेट, यांचें. नरभक्षक वाघांचा संहार करणारे वीर म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. परंतु लहान वयांत त्यांच्या हातीं शस्त्र कसें आलें, तें कसें वापरावें हें त्यांना कोणीं शिकविलें, आणि विनामूल्य मिळालेली ती विद्या त्यांनीं पुढें जगाला कशी परत केली, हा भाग तितकासा कोणी सांगत नाहीं. आम्हां विद्यार्थ्यांना तोच अधिक उपयोगी असल्यामुळें या लेखांत त्याचा विशेष विचार करण्याचें योजिलें आहे.

जिम कॉर्बेट यांचा जन्म नैनिताल येथें ता. २५ जुलै १८७५ रोजीं झाला. त्यांचे वडील ख्रिस्तोफर विल्यम कॉर्बेट हे त्या गांवीं पोस्टमास्तर होते. कुटुंब मोठें आणि मिळकत बेताची. उन्हाळा नैनितालला काढावा आणि थंडीच्या दिवसांत पायथ्याच्या कालाढुंगी गांवीं राहावें, असा या मंडळींचा परिपाठ असे. जिम सहा वर्षांचा होण्यापूर्वींच, १८८१ सालीं, वडील निवर्तले. संसाराचें ओझें आई मेरी जेन आणि थोरला भाऊ टॉम यांच्यावर पडलें. वडिलांच्या मागें पोस्टमास्तरचें काम टॉमनें पत्करलें, आणि धाकट्या भावाला वळण लावण्याचें कामहि आपलेंच मानलें. जिमचा पहिला गुरु तोच होय.

लहानपणीं जिमला न्यूमोनियाचा कठीण विकार जडला होता. त्यांतून उठत असतां त्याच्या अंगीं हुशारी यावी म्हणून टॉमनें त्याला एक गलोल दिली. तेंच त्याचें पहिलें शस्त्र. पुढें गोळ्या मारण्याचें धनुष्य आलें, मग तीर आले, आणि या सर्व पायऱ्या चढल्यावर बंदूक आली. हा क्रम लक्षांत ठेवण्याजोगा आहे. गलोलीनें पक्षी टिपावयाचा तर त्याच्या अगदीं जवळ जावें लागतें. जवळ जावयाचें तर पाऊल न वाजवितां चालावें लागतें, वारा कोठून वाहतो तें पाहावें लागतें, आणि कोणता पक्षी कोणत्या वेळीं काय बोलतो हें ओळखावें लागतें. अशा रीतीनें बंदूक हातीं येण्याआधींच या मुलाचे डोळे आणि कान तयार झाले होते.

डीझ नांवाचे एक आप्त कुमाऊंतील पक्ष्यांविषयीं ग्रंथ तयार करीत होते. त्यांनीं जिमला आपली एक जुनी दुनळी ठासणीची बंदूक दिली. तिची अवस्था मोठी करुण होती. मागें कोणीं तरी प्रमाणाबाहेर दारू ठासल्यामुळें तिची एक नळी चिरली होती. दस्ताहि मोडला असून तो पितळी तारेनें बांधलेला होता. कोणीहि मूल हें पाहून हिरमुसलें असतें. परंतु कुंवरसिंग नांवाच्या एका डोंगरी ठाकुरानें त्याची समजूत घातली, ती अशी कीं दुसरी नळी अगदीं शाबूत आहे. कुंवरसिंग हा त्या भागांतला नामांकित चोरटा शिकारी होता. सरकारदरबारीं त्याची गणना सज्जनांत होत नसे. परंतु रानाचें ज्ञान त्याच्याइतकें थोड्यांनाच होतें, आणि तें त्यानें एका पोरक्या मुलाला हातचें राखून न ठेवतां दिलें. ती चिरलेली नळी मात्र जिमच्या डोळ्यांपुढें नित्य राहिली. घाईनें आणि अंदाजानें भरलेली बंदूक शत्रूच्या आधीं धन्याचाच घात करते, हा धडा दुसऱ्या कोणत्या पुस्तकांत इतका स्पष्ट लिहिलेला सांपडणार?

कुंवरसिंगानें त्याला आणखी एक गोष्ट सांगून ठेविली होती. हरसिंग नांवाच्या त्याच्या सोबत्यानें, कांहींएक कारण नसतां, आपल्या वाटेनें जाणाऱ्या वाघावर बार टाकला. वाघ उलटला आणि त्यानें हरसिंगाला असें फाडलें कीं तो जगला हेंच आश्चर्य. जो वाघ आपल्या वाटेस जात नाहीं त्याच्या वाटेस आपण जाऊं नये, हें तात्पर्य त्या मुलाच्या मनावर खोल ठसलें. पुढें दहा वर्षांचा होण्याच्या सुमारास तीच जुनी बंदूक घेऊन तो रानकोंबड्यांमागें दबा धरून जात असतां समोरचें बोरीचें झुडूप हाललें आणि त्यांतून एक पट्टेरी वाघ बाहेर आला. वाघानें वळून या चिमुकल्या शिकाऱ्याकडे क्षणभर पाहिलें आणि तो सावकाश निघून गेला. जिमनें बंदूक उचलली नाहीं. पक्षी मारण्याच्या छऱ्यांनीं वाघ मरत नाहीं, तो केवळ चिडतो, हें त्याला समजत होतें.

थोरल्या भावाची शिकवण कांहीं कडक प्रकारची होती. एकदां टॉमनें त्याला अस्वलाच्या शिकारीस नेलें, एका नाळीच्या कडेला बसविलें, हातीं बंदूक दिली, आणि अस्वल आल्यास त्यास ठार करावें पण कोणत्याहि परिस्थितींत जखमी करून सोडूं नये, अशी ताकीद देऊन तो स्वतः दूर निघून गेला. अस्वल आलें खरें. पण भीतीनें गोठून गेलेल्या जिमनें बार काढला नाहीं. आमच्या मतें तो त्या दिवशीं परीक्षेंत उतरलाच. ज्याला आपल्या नेमाचा भरंवसा नाहीं त्यानें चापावरचें बोट दूर ठेवावें, हाच त्या ताकिदीचा अर्थ होता.

वयाच्या दहाव्या वर्षीं जिम नैनितालच्या व्हॉलंटिअर रायफल्स पलटणींतील शाळकरी मुलांच्या तुकडीत दाखल झाला. तेथील सार्जंट-मेजर मोठा करडा शिस्तीचा मनुष्य होता. मुलांनीं शस्त्र कसें धरावें, केव्हां भरावें, केव्हां रिकामें करावें आणि कोणाकडे रोखूं नये, याची घोकंपट्टी अशा तुकड्यांत होत असे. जिमची चिकाटी आणि नेम पाहून या करड्या मनुष्याचें मन द्रवलें. त्यानें सरकारी शस्त्रागारांतील एक .४५० मार्टिनी रायफल त्याला रानांत वापरण्यास दिली, काडतुसेंहि दिलीं. अटी दोनच होत्या. रायफल स्वच्छ ठेवावी आणि उडविलेल्या काडतुसांचीं पितळी नळकांडीं मोजून परत आणून द्यावीं. वरवर पाहतां ही कारकुनी बाब वाटेल. परंतु ज्या मुलाला प्रत्येक काडतुसाचा हिशेब द्यावा लागतो तो फुकट बार काढीत नाहीं, आणि ज्याला नळी रोज पुसावी लागते त्याला तिच्यांतील दोष वेळींच दिसून येतो.

याच रायफलीनें जिमनें आपला पहिला बिबळ्या मारला. पहिली गोळी लागतांच धुराच्या लोटांतून तें जनावर त्याच्या डोक्यावरून उडी मारून गेलें, आणि रक्ताचे थेंब अंगावर सांडून दिसेनासें झालें. आतां घरीं पळून जाण्यास कोणींहि त्याला दोष दिला नसता. पण टॉमची ताकीद त्याला ठाऊक होती. जखमी बिबळ्या रानांत सोडणें म्हणजे लांकूडफाट्यास येणाऱ्या गरीब बायकामुलांच्या वाटेवर मृत्यु बसविणें होय. त्या लहानग्यानें रायफल पुन्हां भरली, रक्ताचा माग काढीत तो हळूहळू पुढें गेला आणि आपण आरंभिलेलें काम त्यानें शेवटास नेलें.

शिक्षण नैनितालच्या शाळांत पुरें करून, अठरा वर्षांचा होण्यापूर्वींच, जिमनें घरच्या गरजेमुळें बंगाल अँड नॉर्थ-वेस्टर्न रेल्वेची नोकरी धरली. पुढें गंगातीरावरील मोकामा घाट येथें एका रेल्वेचा माल दुसऱ्या रेल्वेच्या गाड्यांत चढविण्याचा मक्ता त्यांना मिळाला, आणि तेथें त्यांनीं वीस वर्षांहून अधिक काळ काढला. मजुरांच्या बरोबरीनें ते स्वतः राबत. तेथील स्टेशनमास्तर रामशरण यांना विद्येची फार आवड होती. या दोघांनीं मिळून मजुरांच्या व रेल्वे-नोकरांच्या मुलांसाठीं एक शाळा काढली. आरंभीं वीसच मुलें आलीं. उच्च आणि नीच मानलेल्या जातींचीं मुलें एका झोंपडींत बसणार नाहींत, अशी अडचण निघाली. तेव्हां झोंपडीच्या भिंतीच काढून टाकण्यांत आल्या, कारण नुसत्या छपराखालीं एकत्र बसण्यास कोणाची हरकत नव्हती! शाळा वाढत वाढत दोनशें मुलांची झाली, सरकारनें ती आपल्याकडे घेतली, आणि रामशरण यांना रावसाहेबांसारखीच 'रायसाहेब' ही पदवी मिळाली. या कामाचें वेतन कॉर्बेट यांनीं कधीं घेतलें नाहीं.

१९०७ सालीं त्यांच्यावर एक भयंकर कामगिरी येऊन पडली. चंपावत भागांत एका वाघिणीनें उच्छाद मांडला होता. नेपाळांत आणि कुमाऊंत मिळून तिनें ४३६ माणसें मारलीं होतीं. कॉर्बेट यांनीं काम पत्करतांना दोन अटी घातल्या. पहिली, सरकारनें लावलेलें बक्षीस रद्द करावें. दुसरी, रानांत फिरणारे इतर शिकारी व शिपाई परत बोलवावे. पैशासाठीं मारणारा म्हणून आपली गणना होऊं नये हा पहिल्या अटीचा हेतु. दुसरीचा हेतु शुद्ध सुरक्षिततेचा होता. ज्या रानांत अनेक बंदुका एकमेकींच्या नकळत फिरतात, तेथें वाघापेक्षां माणसाचीच गोळी माणसाला लागण्याचा संभव अधिक.

या शिकारीच्या शेवटच्या दिवशीं चंपावतच्या तहसीलदारांनीं २९८ माणसें जमवून हाका घातला. कॉर्बेट यांच्यापाशीं तीनच काडतुसें होतीं. अधिक लागणार नाहींत असा त्यांचा समज होता. तीं तिन्ही संपलीं, वाघीण जखमी होऊन समोर उभी राहिली, आणि हातांत रिकामी रायफल! धांवत जाऊन त्यांनीं तहसीलदारांची बंदूक मागून घेतली. ती इतकी जुनी निघाली कीं तिची नळी आणि मागचा भाग यांच्यामध्यें उघडी फट होती. अगदीं थोड्या फुटांवरून झाडलेली गोळी तोंडावर न लागतां पंजावर लागली. सुदैवानें वाघीण आधींच्या जखमांनीं मरणोन्मुख झाली होती, म्हणूनच प्रसंग टळला. आपली ही चूक कॉर्बेट यांनीं पुढें आपल्या ग्रंथांत स्वतःच लिहून ठेविली आहे.

वाघीण मेल्यावर त्यांनीं तिचें तोंड तपासलें. उजव्या बाजूचे वरचा व खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले होते, आणि तें कोणा शिकाऱ्याच्या जुन्या गोळीचें काम होतें. सुळे गेल्यामुळें तिला नेहमींचें सावज मारतां येईना. म्हणून ती माणसांकडे वळली. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. कोणा एका अनामिक मनुष्यानें कोठें तरी निष्काळजीपणानें बार काढला, जखमी जनावराचा माग काढण्याचा त्रास घेतला नाहीं, आणि तो घरीं जाऊन सुखानें निजला असेल. त्याच्या त्या एका गोळीची किंमत ४३६ घरांनीं भरली! टॉमनें आपल्या लहान भावाला दिलेल्या ताकिदीचें मोल यावरून कळावें.

कॉर्बेट यांच्याहि हातून चूक झाली नाहीं असें नाहीं. चौगढच्या नरभक्षक वाघिणीबरोबर तिची वाढलेली पिल्ली फिरत असे. १९२९ सालीं दोघी एकदम दिसल्या तेव्हां फिकट रंगाची ती म्हातारी, असें समजून त्यांनीं गोळी झाडली. मेली ती पिल्ली, थोरली निसटली. या चुकीमुळें पुढच्या बारा महिन्यांत आणखी पंधरा माणसें प्राणास मुकलीं, हें त्यांनीं स्वतः कबूल केलें आहे. अखेर १९३० च्या एप्रिलांत ती वाघीण त्यांच्या हातून मारली गेली. त्या वेळीं त्यांच्या डाव्या हातांत एका रानपक्ष्याचीं अंडीं होतीं. वाघीण पडल्यावर तीं त्यांनीं जेथून उचललीं होतीं तेथें नेऊन पुन्हां ठेविलीं. शूर पुरुषाचें अंतःकरण कसें असतें, तें या एका कृतींत दिसतें.

वय वाढत गेलें तसतसा कॉर्बेट यांच्या हातांतील रायफलीच्या जागीं कॅमेरा दिसूं लागला. करमणुकीसाठीं वन्य पशूंची हत्या करणें त्यांना रुचेनासें झालें. माणसांवर उठलेल्या जनावरांखेरीज इतरांवर शस्त्र धरण्यापेक्षां त्यांचीं चलच्चित्रें घेण्यांत त्यांना अधिक आनंद वाटे. ते शाळांतील मुलांपुढें व्याख्यानें देत, पक्ष्यांचे व श्वापदांचे आवाज हुबेहूब काढून दाखवीत, आणि रानावर व रानांतील प्राण्यांवर प्रेम करण्यास शिकवीत. कुंवरसिंगानें एका मुलाला दिलें तें त्यांनीं असंख्य मुलांना वाटलें. १९३६ सालीं हिंदुस्थानांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान रामगंगेच्या खोऱ्यांत स्थापन झालें, त्यांतहि त्यांचा मोठा वांटा होता. त्या वेळीं त्यास गव्हर्नर हेली यांचें नांव होतें. पुढें कॉर्बेट यांच्या स्मरणार्थ त्याचें नांव बदलण्यांत आलें.

पहिल्या महायुद्धांत १९१७ सालीं त्यांनीं पांचशें कुमाऊंनी मजुरांची तुकडी उभी करून फ्रान्सला नेली होती. दुसरें महायुद्ध आलें तेव्हां त्यांची साठी उलटून गेली होती. तरी १९४४ सालीं लेफ्टनंट-कर्नलचा हुद्दा स्वीकारून ते ब्रह्मदेशच्या लढाईवर जाणाऱ्या तरुण सैनिकांचे शिक्षक झाले. नागपुराच्या उत्तरेस असलेल्या छिंदवाड्याच्या रानांत त्यांनीं हे वर्ग चालविले. पाणी कोठें सांपडेल, वाट चुकल्यास काय करावें, पक्ष्यांच्या ओरडण्यावरून शत्रूची चाहूल कशी लागते, हें सारें त्यांनीं शिकविलें. जी विद्या कालाढुंगीच्या रानांत एका लहान मुलानें निर्भय होण्यासाठीं संपादिली, ती आतां शेंकडों मातांच्या पुत्रांचे प्राण राखण्याच्या कामीं आली. या श्रमांत त्यांची प्रकृति हिंवतापानें ढांसळली.

त्याच १९४४ सालीं त्यांचा कुमाऊंच्या नरभक्षकांवरील प्रसिद्ध ग्रंथ आपल्या मुंबई शहरांतून ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें प्रकाशित केला, आणि त्याची कीर्ति जगभर पसरली. पहिल्या आवृत्तीचें उत्पन्न त्यांनीं युद्धांत दृष्टि गमावलेल्या हिंदी सैनिकांच्या संस्थेला दिलें. १९४७ च्या अखेरीस ते बहीण मॅगी हिच्यासह केनिया देशीं जाऊन राहिले. कालाढुंगीजवळ छोटी हलद्वानी हें खेडें त्यांनीं विकत घेऊन वसविलें होतें, रानडुकरांपासून पिकांचें रक्षण व्हावें म्हणून त्याभोंवतीं भिंत बांधविली होती; तेथील जमिनी त्यांनीं कुळांच्या नांवें करून दिल्या. केनियांत न्येरी गांवीं ज्या लहानशा बंगल्यांत हीं भावंडें राहिलीं, तो बालवीर चळवळीचे जनक लॉर्ड बेडन-पॉवेल यांच्यासाठीं बांधलेला होता. ता. १९ एप्रिल १९५५ रोजीं कॉर्बेट यांचें देहावसान झालें. बेडन-पॉवेल यांची समाधि ज्या दफनभूमींत आहे तेथेंच त्यांनाहि चिरविश्रांति मिळाली. मुलांना रानाची विद्या शिकविणारे दोन वृद्ध शिक्षक असे एकमेकांचे शेजारी झाले.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा काळ संपला, आणि तें योग्यच झालें. अमेरिकेंत अद्याप शिकार चालते. तेथें न्यूयॉर्क संस्थानानें १९४९ सालीं तरुण शिकाऱ्यांना परवान्यापूर्वीं सुरक्षिततेचें शिक्षण सक्तीचें केलें, आणि असे वर्ग बहुतांशीं वेतन न घेणारे स्वयंसेवक चालवितात. आपणांपैकीं बहुतेकांच्या हातीं बंदूक कधीं येणार नाहीं. परंतु मोटारीचें चाक, विजेची तार, प्रयोगशाळेंतील आम्ल, किंवा एखाद्या दुर्बळाचें बरेंवाईट करण्याचा अधिकार, यांपैकीं कांहीं ना कांहीं येईलच. तेव्हां ती चिरलेली नळी आठवावी, मोजून परत केलेलीं नळकांडीं आठवावीं, आणि चंपावतच्या वाघिणीचे तुटलेले सुळे आठवावे. आणि ज्यांनीं आपणांस एखादी विद्या मोबदला न घेतां दिली, त्यांचें ऋण फेडावयाचें असेल तर आपल्याहून लहान असा एखादा मुलगा किंवा मुलगी शोधून ती विद्या तशीच विनामूल्य पुढें द्यावी. कॉर्बेट यांनीं आयुष्यभर हेंच केलें.